गाडी मिसिंग मारते? इंजेक्टर उपसण्याआधी हे बघा

मिसिंग म्हणजे एखादं सिलिंडर मधूनच पेट्रोल न जाळता चुकणं, आणि इंजेक्टर म्हणजे पेट्रोलचा फवारा सोडणारा भाग. आधी लक्षणं. सकाळी सेल्फ नेहमीपेक्षा जास्त वेळ मारावा लागतो. गाडी लागते, पण उभ्या जागी इंजिन एका लयीत चालत नाही, मधूनच अडखळतं आणि गिअरचा दांडा थरथरतो. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की एक झटका बसतो आणि मग गाडी पळते. घाटाला पिकअप मिळत नाही, अ‍ॅव्हरेज पडतं, सायलेन्सरमधून कच्च्या पेट्रोलचा वास येतो. चेक इंजिनचा पिवळा दिवा कधी लागतो, कधी लागत नाही.

हा दिवा नुसता लागलेला असेल तर हळूहळू घरापर्यंत येता येईल. तो सारखा उघडझाप करत असेल तर गाडी तिथेच बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात जाऊन पेटतं. तो कन्व्हर्टर गेला की खर्चाचा आकडा वेगळाच होतो.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात अशी गाडी गॅरेजला आली की रोगाचं नाव मालक सोबतच घेऊन येतो. "भाऊ, इंजेक्टर चोक झाले, साफ करून द्या." माझ्याकडे इंजेक्टरसाठी आलेल्या बहुतेक गाड्यांत इंजेक्टर निर्दोष निघतात. प्लग, कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी), वायर, हवा, पेट्रोल, यातलं काहीही बिघडलं तरी गाडी हुबेहूब अशीच वागते. म्हणून खालचा क्रम मोडू नका. पहिल्या तपासण्यांना पैसा लागत नाही, आणि पेट्रोलच्या प्रेशरखालची लाईन उघडायची वेळ शेवटी येते. अनेकदा ती येतच नाही.

हे सगळं साध्या पेट्रोल गाडीसाठी आहे, जिच्यात इंजेक्टर मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या वाटेवर बसतात. डिझेलचं खाली वेगळं सांगतो.

गाडी किती दिवस उभी होती?

पहिला प्रश्न हाच. आपल्याकडचं नेहमीचं चित्र असं, की पोरगा पुण्याला नोकरीला, गाडी गावात गोठ्याशेजारी उभी. ती पोळ्याला निघते, मग थेट दिवाळीला. टाकीत पाव-अर्धी टाकी पेट्रोल तसंच पडून. उभ्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट गम उरतो. शिवाय आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळाभर टाकी अर्धी रिकामी राहिली तर हा ओलावा वाढत जातो. तो प्रमाणाबाहेर गेला की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाला बसतं. टाकीतला पंपही तळातूनच ओढतो.

दुसरा प्रश्न, पेट्रोल कशातून आणलं? फवारणीच्या पंपासाठी ऑईल मिसळून ठेवलेलं पेट्रोल अडीअडचणीला गाडीत ओतलं जातं. औषधाच्या रिकाम्या डबकीतून आणलेलं पेट्रोलही मी पाहिलंय, तळाशी पांढरी साय असलेलं. पाईप टाकून थोडं पेट्रोल काढता आलं तर काचेच्या स्वच्छ बाटलीत तासभर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला किंवा पेट्रोल गढूळ दिसलं तर टाकी रिकामी करायची आहे, इंजेक्टर नाही. नुसतं जुनं असेल तर चालत्या पंपावरचं ताजं पेट्रोल वरपर्यंत भरा आणि टाकी अर्धी होईपर्यंत गाडी चालवा. बरीचशी मिसिंग इथेच जाते.

हवा

कापूस निघायला लागला की जिनिंगच्या रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर एकदा काढून बघाच. रुईचे तंतू धुळीत मिसळून फिल्टरवर चक्क गोधडी तयार होते. नव्या गाड्यांत सेन्सर हवा मोजून तेवढंच पेट्रोल सोडतो, त्यामुळे फिल्टर चोंदला तरी मिसिंग सहसा येत नाही, दम मात्र कमी पडतो. म्हणजे तक्रार फक्त "चढत नाही" अशी असेल आणि उभ्या जागी इंजिन छान चालत असेल तर आधी फिल्टर बदला.

फिल्टर काढलाच आहे तर आत थ्रॉटलची, म्हणजे हवा कमी-जास्त करणारी पाकळी दिसते. तिच्या कडेला काळं कडं जमलं असेल तर रेस सोडल्यावर इंजिन बंद पडणं, आरपीएम खालीवर होणं तिच्यामुळेच. चावी बंद ठेवून, फडक्यावर थ्रॉटल क्लीनर घेऊन ते पुसा. मोटरवाल्या थ्रॉटलची पाकळी बोटाने दाबू नका, आतले गिअर प्लास्टिकचे असतात. साफ केल्यावर काही गाड्यांत आरपीएम थोडा वेळ वर राहतो. ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला नवी जागा शिकायला वेळ लागतो, कधी स्कॅनरने शिकवावं लागतं.

थ्रॉटलच्या मागून निघणारे बारीक रबरी पाईपही हाताने वाकवून बघा. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढच्या उन्हात बॉनेटखालचं रबर कडक होतं, तडकतं आणि सुस्स आवाज करत चोरून हवा ओढतं.

उंदीर

हसू नका. ज्या खोलीत सोयाबीनची पोती, त्याच खोलीत गाडी, हे आपल्याकडे घरोघरी आहे. उंदीर इंजिनच्या उबेला येऊन बसतो आणि वायर कुरतडतो. इंजेक्टरच्या कपलरकडे, म्हणजे वायर जोडायच्या टोपणाकडे जाणाऱ्या बारीक वायरी त्याच्या आवडीच्या दिसतात. बॉनेट उघडून टॉर्चने बघा: लेंड्या, सोयाबीनची टरफलं, अर्धी सोललेली वायर. एका इंजेक्टरची वायर तुटली की ते सिलिंडर मेलं. इंजेक्टर किती का साफ करेना, फरक पडणार नाही.

त्याच वेळी बॅटरी मोजा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, चालू इंजिनवर १३.८ ते १४.५. व्होल्टेज पडलं की इंजेक्टरची सुई उशिरा उचलते. ईसीएम त्याची भरपाई करतो, पण त्यालाही मर्यादा आहे. इंजिनपासून बॉडीला गेलेल्या अर्थिंगच्या पट्टीचा बोल्ट खोलून, घासून परत कसा. बोल्टाखाली हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर अर्धं काम झालं समजा.

प्लग आणि कॉइल

ब्लूटूथवर मोबाईलला जोडायचा, गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडी स्कॅनर आता गावच्या पोरांकडेही असतो. पी०३०० आला तर मिसिंग कुठल्याही सिलिंडरवर फिरतंय. पी०३०१ ते पी०३०४ म्हणजे शेवटच्या आकड्याचं सिलिंडर. पी०२०१ ते पी०२०४ आले तर इंजेक्टरच्या वायरिंगमध्ये किंवा त्याच्या आतल्या कॉइलमध्ये बिघाड आहे. तिथे साफसफाईचा उपयोग नाही, परत उंदराकडे जा. पी०१७१ म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा चोरून येतेय.

समजा पी०३०२ आला. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून पहिल्यावर लावा, पहिल्याची दुसऱ्यावर. कोड पुसा, गाडी फिरवून आणा. आता पी०३०१ आला तर दोष कॉइलसोबत गेला, कॉइल बदला. कोड दुसऱ्यावरच राहिला तर हाच प्रयोग प्लगवर करा. फुकटातली याच्याइतकी पक्की तपासणी दुसरी नाही. लोक मात्र हीच सोडून देतात.

प्लग थंड इंजिनवरच काढा, आणि बसवताना आधी बोटाने आटे धरू द्या. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे गेले तर मिसिंग परवडलं म्हणाल. प्लगचं तोंड नीट बघा. चारपैकी एकच काळा आणि ओला असेल तर तिथे पेट्रोल येतंय पण जळत नाही, किंवा इंजेक्टर गळतोय. एकच पांढराफटक असेल तर तिथे पेट्रोल कमी पोचतंय. इंजेक्टरवर पहिला खरा संशय घ्यायचा तो इथे.

पेट्रोलचं प्रेशर

सकाळी गाडी लावण्याआधी चावी ऑन करा. मागच्या सीटखालून पंपाचा दोन-तीन सेकंद घूं आवाज येईल. चावी बंद करा, परत ऑन करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. गाडी पहिल्याच झटक्यात लागली, तर रात्रभरात लाईनमधलं प्रेशर उतरून जातंय. एकतर पंपाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व (पेट्रोल मागे येऊ न देणारा) गेलाय किंवा एखादा इंजेक्टर थेंबथेंब गळतोय. गेजने मोजायचं तर या गाड्यांत साधारण ३ ते ४ बार लागतं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो.

ऑईलची डिपस्टिकही ओढून हुंगा. ऑईल पातळ, पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास असेल तर गाडी अजिबात चालवू नका. ऑईल बदलल्याशिवाय आणि गळका इंजेक्टर सापडल्याशिवाय बेअरिंगची खात्री देता येत नाही.

इंजेक्टर न काढता त्याची परीक्षा

लांब पेचकसचं टोक इंजेक्टरच्या अंगाला लावा आणि मूठ कानाला. केस, गमछा, बाही बेल्टपासून लांब ठेवा. चारही इंजेक्टरांची टक-टक-टक सारखी यायला हवी. एखादा मुका किंवा दबका वाटला तर त्याचा कपलर काढून मीटरने ओहम मोजा. या गाड्यांच्या इंजेक्टरांत साधारण १२ ते १६ ओहम दिसतात. मीटरने काहीच दाखवलं नाही तर आतली कॉइल तुटली, इंजेक्टर नवाच लागेल.

मग इंजिन चालू ठेवून एकेक कपलर काढून लावा. ज्याचा काढल्यावर इंजिन आणखी डगमगतं तो कामाचा आहे. ज्याचा काढून काहीच फरक पडत नाही, तोच आपला पाहुणा. हा प्रयोग प्लगच्या कॉइलवर करू नका, पेट्रोल न जळता कन्व्हर्टरमध्ये जातं.

टक-टक येतेय, ओहम बरोबर आहेत, प्लग-कॉइल बदलून झाल्या आणि तरी तेच सिलिंडर मेलेलं आहे, तर इंजेक्टर चोंदला म्हणायला जागा आहे. इथेही आधी टाकीत टाकायच्या क्लीनरची एक बाटली वापरून बघा. पॉलिइथर अमाइन असलेला घ्या आणि डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच टाका. हलका गम त्याने जातो. घट्ट बसलेला कार्बन किंवा भरलेली जाळी त्याला हलवता येत नाही. टाकीत रॉकेल, थिनर टाकायचा सल्ला देणारे उस्ताद प्रत्येक चौकात आहेत. रॉकेलने ऑक्टेन घटतो आणि इंजिन ठोके द्यायला लागतं, एवढंच होतं.

आता काढायचाच आहे तर

इंजेक्टर चोंदतो तो बहुधा गाडी बंद केल्यावर. गरम इंजिन बंद झालं की टोकाशी राहिलेला पेट्रोलचा थेंब उष्णतेने उडतो आणि त्याचा गम टोकाच्या अतिबारीक भोकांवर चिकटतो. गावातून फाट्यापर्यंत, फाट्यावरून शेतात, अशा चार-पाच किलोमीटरच्या खेपा करणाऱ्या गाड्यांना म्हणूनच हा त्रास जास्त.

काम उघड्यावर करा, बंद शेडमध्ये नको. इंजिन पूर्ण थंड हवं, उन्हाळ्यात सरळ सकाळी हात घाला. जवळपास चूल, बिडी, वेल्डिंग काही नको. पावडरचं अग्निशामक किंवा कोरड्या रेतीची बादली हाताशी ठेवा. पेटत्या पेट्रोलवर पाणी टाकलं तर आग पसरते. डोळ्यांना चष्मा लावा.

आधी टाकीचं झाकण उघडून वाफेचं प्रेशर सोडा. इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज किंवा रिले ओढा. इंजिन आपोआप बंद पडेल, मग आणखी दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. नंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एवढं करूनही लाईनमध्ये थोडं पेट्रोल उरतंच, म्हणून जोड उघडताना त्यावर फडकं गुंडाळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि घाईत हेच राहतं. इंजेक्टर जिथे मॅनिफोल्डमध्ये घुसतो तिथल्या खोबणीत रस्त्याची धूळ भरलेली असते. तशीच ठेवून इंजेक्टर ओढला तर सगळी माती सरळ व्हॉल्ववर पडते. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर मिळाला तर उत्तम, नाहीतर ब्रश आणि फडकं घेऊन प्रत्येक खोबण लख्ख करा.

मोबाईलवर फोटो काढा, मार्करने १-२-३-४ लिहा. कपलर जुने असतील तर उन्हाने त्यांचं प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं. लॉक पूर्ण दाबा आणि कपलरच्या अंगाला धरून ओढा, वायरीला नाही. रेल म्हणजे चारही इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणारी नळी. तिचे बोल्ट बहुधा दोनच असतात, ते आळीपाळीने सैल करा. रेल दोन्ही हातांनी धरून किंचित डावी-उजवी हलवत सरळ वर घ्या. अडकली तर खाली पेचकस घालून उचकटू नका, मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असेल तर कड तुटते. निघालेल्या ओरिंग (इंजेक्टरच्या दोन्ही टोकांच्या रबरी कड्या) मोजा, खालची ओरिंग भोकातच चिकटून राहते. भोकं लगेच मोठ्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने झाका. कापसाचा बोळा नको.

इंजेक्टर हातात आल्यावर बाहेरून क्लीनर आणि मऊ नायलॉन ब्रशने पुसा, बस. टोकाला सुई, तार, पॉलिश पेपर लावू नका. भोकाचा आकार बदलला की फवारा बिघडला, तो परत येत नाही. बॅटरीला वायर लावून घरीच इंजेक्टर उघडझाप करायचा आणि पिचकारीने क्लीनर सोडायचा, असे व्हिडिओ पोरं दाखवतात. मी ते करत नाही आणि करा म्हणणार नाही. वायर टेकवताना ठिणगी पडते आणि हातभर अंतरावर ज्वलनशील फवारा उडत असतो. शिवाय इंजेक्टरला १२ व्होल्ट थोडे जास्त वेळ राहिले तरी आतली कॉइल जळते.

चारही इंजेक्टर स्वच्छ डब्यात घालून यवतमाळ किंवा अमरावतीला अल्ट्रासॉनिक मशीन असलेल्या वर्कशॉपमध्ये न्या. साफ करण्याआधी टेस्ट दाखवायला सांगा. काचेच्या चार नळ्यांत चार इंजेक्टर फवारतात. फवारा धुक्यासारखा आहे की धार पडतेय, चारही नळ्यांत पेट्रोलची पातळी सारखी येते की नाही, आणि बंद असताना प्रेशरखाली टोकाला थेंब धरतो का, या तीन गोष्टी डोळ्यांनी बघा. साफ केल्यावर परत बघा. धुऊनही ज्याची धारच पडते किंवा जो गळतो, तो बदला. वरच्या तोंडातली बारीक जाळी नवी मिळत असेल तरच जुनी काढू द्या.

बसवताना ओरिंग नव्या घ्या, इंधनासाठीच्या. स्प्रिंकलरच्या दुकानातली ओरिंग मापाला तंतोतंत बसते हे खरं, पण ती पाण्याची आहे. पेट्रोल लागलं की ती फुगते, मऊ पडते, आणि गळती थेट गरम इंजिनवर. नव्या ओरिंगला बोटाने इंजिन ऑईलचा थेंब लावा आणि इंजेक्टर हाताच्या दाबाने बसवा. बसल्यावर तो बोटाने थोडा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर ओरिंग दुमडली किंवा कापली गेली आहे, परत काढा. रेलचे बोल्ट थोडे-थोडे, आळीपाळीने आवळा. ते लहान आहेत, त्यांच्यावर जोर दाखवू नका.

फ्यूज आणि बॅटरी जोडून चावी ऑन करा, सेल्फ नको. तीन-चार वेळा प्रेशर भरू द्या आणि एलईडी टॉर्चने आठही जोड बघा, बोट फिरवून हुंगा. कोरडं असेल तरच गाडी लावा. लाईनमध्ये हवा असल्याने सुरुवातीला ती थोडी अडखळेल.

कुठे थांबायचं

बसवल्यावर एकाही जोडाला ओल दिसली आणि दुसऱ्यांदा बसवूनही गेली नाही, तर बॅटरी काढा आणि मिस्त्रीला घरी बोलवा. गाडी चालवत नेऊ नका. इंजेक्टर मॅनिफोल्डमध्ये जाम बसला असेल तरी तिथेच थांबा.

टर्बो पेट्रोल गाड्यांपैकी बऱ्याच आता डायरेक्ट इंजेक्शनच्या आहेत. त्यांत इंजेक्टर थेट सिलिंडरमध्ये फवारतो, प्रेशर शंभर-दोनशे बार आणि त्याच्याही वर असतं, सीलला खास हत्यार लागतं. घरी हात लावायचा नाही. सीएनजी बसवलेल्या गाडीत गॅसच्या लाईनला तर नाहीच नाही. फक्त एक लक्षात ठेवा: कायम गॅसवर पळणाऱ्या गाडीचे पेट्रोल इंजेक्टर न वापरल्याने चोंदतात, आठवड्यातून एकदा थोडं अंतर पेट्रोलवर चालवा.

डिझेल कॉमनरेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून डिझेल देणाऱ्या गाड्यांत, १६०० ते २००० बारपर्यंत प्रेशर असतं. गळती शोधायला बोट फिरवलं तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणीएवढं टोचलेलं दिसतं, आत बोट सडायला सुरुवात होते. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जा आणि "डिझेल आत घुसलंय" असंच सांगा. ट्रॅक्टरच्या जुन्या इंजेक्टरची धारही हातावर घेऊन बघायची सवय सोडा. वर आणखी हे की, बऱ्याच कॉमनरेल गाड्यांत नव्या इंजेक्टरचा कोड ईसीएममध्ये भरावा लागतो, तो भरल्याशिवाय गाडी धड चालत नाही.

प्लग, कॉइल, प्रेशर, इंजेक्टर सगळं ठीक आणि तरी एक सिलिंडर मेलेलंच, तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजून घ्या. मग विषय व्हॉल्वचा किंवा रिंगचा आहे.

आणि इंजेक्टर धुतल्यावर दोन-तीन महिन्यांत तीच मिसिंग परत आली, तर ते पुन्हा धुऊन पैसे घालवू नका, घाण मागून येतेय. इथेनॉलचं पेट्रोल जुन्या टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेला गाळ सोडवून पुढे ढकलतं. बऱ्याच नव्या गाड्यांचा फिल्टर टाकीच्या आत पंपासोबतच असतो, त्यामुळे सर्व्हिसिंगमध्ये तो कोणी बघत नाही. पंप काढायचं काम मिस्त्रीचं, पण तो काढेल तेव्हा शेजारी उभे राहा. पंपाच्या बुडाची जाळी काळी-लाल झालेली असेल तर टाकी उतरवून धुवायला सांगा, आणि पंपाच्या झाकणाचं सील जुनंच परत लावू देऊ नका.